सर्वांसाठी माहिती केंद्र: उभारणी आणि पाच वर्षांची देखभाल

संयुक्त राष्ट्रांची माहिती समाजावरची जागतिक शिखर परिषद दोन टप्प्यांत झाली, २००३ मध्ये जिनिव्हाला आणि २००५ मध्ये ट्युनिसला. माणसाला केंद्रस्थानी ठेवणारा आणि कोणालाही न वगळणारा माहिती समाज घडवायचा, असं जिनिव्हाच्या जाहीरनाम्यात ठरलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्येही सुमारे २६० कोटी माणसं इंटरनेटच्या बाहेरच होती. जाहीरनाम्यातली ती ओळ एखाद्या वस्तीत खरी करायची, तर एक खोली, सहा संगणक, एक लहान सर्व्हर (बाकीच्या यंत्रांना साठवलेला मजकूर पुरवणारा संगणक), भरवशाची वीज आणि या सगळ्याची काळजी घेणारी सात माणसं एवढं पुरतं. ते कसं जुळवायचं, ते पुढे सांगितलं आहे.

यंत्रं कमी पडली म्हणून अशी केंद्रं क्वचितच बंद पडतात. बॅटऱ्या जातात आणि नव्यांसाठी पैसे राखलेले नसतात. पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक असतो आणि तो दुसरीकडे राहायला जातो. भिंतीवरची माहिती शिळी होते आणि लोक फिरकेनासे होतात. म्हणून पुढची प्रत्येक निवड एका प्रश्नावर घासून बघा: हे बिघडलं तर कोण, किती दिवसांत आणि कुठल्या पैशातून दुरुस्त करणार?

आधी विचारपूस, मग खरेदी

तीस-चाळीस घरांत जाऊन बोला. ‘इंटरनेट हवं का?’ असं विचारलंत तर सगळे ‘हो’ म्हणतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात कुठल्या कागदासाठी, अर्जासाठी किंवा माहितीसाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागलं? त्यात किती वेळ गेला? काम झालं का? कुठल्या भाषेत सांगितलेलं नीट समजतं? दिवसातून कुठल्या वेळी घराबाहेर पडता येतं? या शेवटच्या प्रश्नावर केंद्राच्या वेळा ठरवा. दहा ते पाच उघडं राहणारं केंद्र मजुरीला जाणाऱ्यांच्या उपयोगाचं नसतं.

ज्यांच्याकडे आधीच चांगला फोन आहे, तेच चर्चेला सर्वांत आधी येतात. अंध, कमी ऐकू येणारे, वाचता न येणारे आणि घराबाहेर पडायला परवानगी लागणारे लोक बैठकीत दिसत नाहीत. त्यांच्याकडे आपण जायचं.

पैशाची विभागणी

पाच वर्षांचा एकूण खर्च मांडा आणि सुरुवातीच्या खरेदीवर त्यातले ४० टक्क्यांहून जास्त पैसे घालवू नका. उरलेले वीज, इंटरनेट जोडणी, सुटे भाग, बॅटऱ्यांची बदली आणि केंद्र चालवणाऱ्याचं मानधन यांत जातील. मानधन वगळून केलेला हिशेब कागदावर छान दिसतो, पण फुकट राबणारा माणूस वर्षभरात थकतो.

वापराचं शुल्क ठेवायचं असेल तर त्याला वरची मर्यादा हवी. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये प्राथमिक जोडणीसाठी एक लक्ष्य घालून दिलं होतं: खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावा. देशाच्या सरासरीऐवजी तुमच्या वस्तीतल्या सर्वांत कमी कमावणाऱ्या घरांचं उत्पन्न धरा. सरासरीत गरिबी झाकली जाते.

संगणक: वापरलेले, पण पारखून घेतलेले

लॅपटॉपच्या आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच पडलेला असतो. म्हणून आहे ते यंत्र आणखी चार-पाच वर्षं चालवणं हाच पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कितीतरी धडधाकट यंत्रं कार्यालयांतून बाहेर पडत आहेत आणि लिनक्स या मोफत प्रणालीवर ती उत्तम चालतात.

सहा जागांसाठी एकाच मॉडेलचे आठ लॅपटॉप घ्या. जास्तीचे दोन सुट्या भागांसाठी. वेगवेगळी आठ मॉडेलं फुकट मिळाली तरी नको म्हणा, कारण एकाचा चार्जर किंवा कीबोर्ड दुसऱ्याला चालत नाही. डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा. तो १५ ते ३० वॉटवर चालतो आणि वीज गेली तरी स्वतःच्या बॅटरीवर तग धरतो.

घेताना प्रत्येक यंत्रावर एवढं तपासा:

- बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) पासवर्ड किंवा जुन्या मालकाचं व्यवस्थापन-कुलूप आहे का? असेल तर यंत्र परत करा. ते तुमच्याकडून निघणार नाही.
- रॅम ८ जीबी हवी. ४ जीबीवर यंत्रणा चालते, पण ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की सगळं रेंगाळतं.
- हार्ड डिस्क फिरती असेल तर काढून २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवा. जुन्या यंत्राचा वेग एवढ्या एका बदलाने जितका वाढतो तितका दुसऱ्या कशाने वाढत नाही.
- मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक जरी चूक निघाली तरी ती रॅम काढून टाका.
- बिजागरी, चार्जिंगचं भोक आणि बॅटरीची फूग हाताने तपासा. टचपॅड वर उचललेला दिसला तर खाली बॅटरी फुगलेली असण्याचा संभव आहे.

जुन्या मालकाची माहिती पुसणं ही तुमची जबाबदारी. फिरत्या डिस्कवर एकदा पूर्ण पुनर्लेखन पुरतं. एसएसडीवर त्याचा भरवसा नाही, कारण आतला नियंत्रक झीज सगळीकडे सारखी वाटण्यासाठी काही पेशी बाजूला ठेवतो आणि पुनर्लेखन तिथे पोहोचत नाही. तिथे डिस्कचा स्वतःचा ‘सिक्युअर इरेज’ आदेश द्या.

वीज: बेरीज करून मगच पॅनल

वीज सतत असेल तर हा भाग सोडा. नसेल तर अंदाजाने खरेदी करू नका. हिशेब असा:

सहा लॅपटॉप, प्रत्येकी २५ वॉट, दिवसाला ६ तास: ९०० वॉट-तास. सर्व्हर १० वॉट, २४ तास: २४०. राउटर आणि बाहेरचा वाय-फाय मिळून १५ वॉट, २४ तास: ३६०. एकूण १५०० वॉट-तास.

इन्व्हर्टर, चार्जिंग आणि तारा यांत साधारण चौथा हिस्सा वाया जातो, म्हणून १५०० ला ०.७५ ने भागा: २००० वॉट-तास. वर्षातल्या सर्वांत ढगाळ महिन्यात पूर्ण तेजाचं ऊन किती तास मिळतं ते पाहा. ते ४ तास धरलं तर ५०० वॉटचं पॅनल लागेल. वार्षिक सरासरी धरली तर नेमक्या वाईट महिन्यात केंद्र बंद पडेल.

एक दिवस ऊन नसलं तरी चालावं असं धरलं, तर बॅटरीतून २००० वॉट-तास मिळायला हवेत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणजे २५०० वॉट-तासांची हवी. २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी यात बरोबर बसते. शिसे-आम्लाची बॅटरी ५० टक्क्यांखाली नेऊ नये, म्हणून तिथे ४००० वॉट-तास, म्हणजे २४ व्होल्टला सुमारे १७० अँपिअर-तास लागतात. स्वस्त पडते म्हणून शिसे-आम्लाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी बसवायची आणि रोज तळापर्यंत रिकामी करायची, हा सर्रास दिसणारा प्रकार. ती फार लवकर मरते आणि दोष सौरऊर्जेला दिला जातो.

सर्व्हर आणि राउटर इन्व्हर्टरवर ठेवू नका. योग्य व्होल्टेजच्या डीसी परिवर्तकातून त्यांना थेट वीज द्या. इन्व्हर्टर रिकामा चालू राहिला तरी वीज खातो, ती रात्रभर वाचेल. पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावलीसुद्धा उत्पादन बरंच खाली आणते. म्हणून जागा सकाळी, दुपारी आणि दुपार उलटल्यावर अशी तीनदा बघून ठरवा. आणि तापमान शून्याखाली जाणारी जागा असेल तर लक्षात ठेवा, गोठणबिंदूखाली लिथियम बॅटरी चार्ज केली की कायमची खराब होते. तिला आत, उबेला ठेवा.

जोडणी वाटून घेणं

२० एमबीपीएसची जोडणी तीस जणांना पुरते, पण राउटर नीट लावला तरच. ‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार आली की बहुतेक जण जास्त वेगाची योजना घेतात. खरं कारण बऱ्याचदा रांगेत असतं. कोणाचा तरी फोन पाठीमागे फोटो चढवत असतो, अपलोडची रांग भरते आणि सगळ्यांची पानं अडकतात.

उपाय फुकटात होतो. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची खुली प्रणाली) चालणारा राउटर घ्या, त्यावर एसक्यूएम हा रांग सांभाळणारा भाग बसवा, ‘केक’ ही रांगपद्धत निवडा. गर्दी नसताना वेग मोजा आणि त्याच्या ८५ ते ९० टक्के आकडा भरा: उतरणीला (डाउनलोड) २० मोजला तर १७.५, चढणीला (अपलोड) ४ मोजला तर ३.५. थोडा वेग मुद्दाम सोडल्यामुळे रांग सेवा पुरवणाऱ्याच्या उपकरणात न साचता तुमच्या राउटरमध्ये राहते, आणि तुमच्या राउटरला ती वाटून देता येते. केकमध्ये प्रत्येक उपकरणाला समान वाटा देण्याची सोय आहे, ती चालू करा. मग पन्नास जोडण्या उघडणाऱ्यालाही तेवढंच मिळतं जेवढं एक पान वाचणाऱ्याला. वापराच्या नियमांची पाटी लावण्यापेक्षा हे जास्त न्याय्य आणि भांडणंही होत नाहीत.

दुसरं केंद्र किंवा शाळा बिनतारी जोडायची असेल तर नुसती नजर पोहोचून भागत नाही. दोन अँटेनांमध्ये लांबट फुग्यासारखा एक पट्टा मोकळा लागतो, त्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवर १ किलोमीटर अंतरासाठी मधोमध त्याची त्रिज्या साधारण ३.६ मीटर भरते आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. पानगळीत जोडलेली लिंक पालवी फुटली की अडखळू लागते ती यामुळे. इथरनेटची तार १०० मीटरच्या पुढे नेऊ नका. बाहेरच्या अँटेनाला अर्थिंग आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक बसवल्याशिवाय ती चालू करू नका.

इंटरनेट गेलं तरी केंद्र चालायला हवं. त्यासाठी १ टीबी एसएसडी जोडलेला लहान सर्व्हर ठेवा. त्यावर किविक्स हा प्रोग्राम टाका, म्हणजे विकिपीडिया जोडणीशिवाय वाचता येतो. इंग्रजी विकिपीडियाची चित्रांसह पूर्ण प्रत १०० जीबीच्या आसपास जाते, बहुतेक भाषांच्या प्रती त्याहून कितीतरी लहान आहेत. शिकण्यासाठी कोलिब्री, नकाशांसाठी ओपनस्ट्रीटमॅप. नव्या आवृत्त्या महिन्यातून एकदा रात्री उतरवा.

माहिती तयार करताना

लोक परत येतात ते त्यांच्या कामाची, आजची आणि समजणारी माहिती मिळते म्हणून. त्यामुळे या भागाला संगणकांपेक्षा जास्त वेळ द्या.

प्रत्येक पानाच्या तळाशी तीन गोष्टी लिहा: माहिती कुठून घेतली, कोणी आणि कधी तपासली, पुढची तपासणी कधी. ती तारीख उलटली की पान आपोआप ‘तपासणी बाकी’ असं दिसेल अशी सोय करा. चुकीच्या शेवटच्या तारखेमुळे एखाद्याचा अर्ज हुकला तर तो माणूस पुन्हा विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

पान हलकं ठेवा. २५६ केबीपीएसवर १ एमबीचं पान उतरायला ३१ सेकंद लागतात. संपूर्ण पान चित्रांसकट ३०० केबीच्या आत बसवा. बोलकी माहिती द्यायची असेल तर ऑपस स्वरूपात २४ केबीपीएसवर साठवा: तासभराचं बोलणं ११ एमबीच्या आत मावतं. तेच १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये ५८ एमबीच्या घरात जातं. वाचता न येणाऱ्यांसाठी आवाज हीच मुख्य वाट असल्यामुळे हा फरक मोठा आहे.

सुगमतेसाठी, म्हणजे अपंगांनाही पान वापरता यावं यासाठी, डब्ल्यूसीएजी हे मानक आहे, त्याची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. त्यातल्या एए या मधल्या पातळीच्या अटींपैकी चार पहिल्याच दिवशी पाळता येतात. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी रंगविरोध (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५ ला १ असावा. बटणं निदान २४ बाय २४ पिक्सेलची हवीत. सगळं काम माउसशिवाय, नुसत्या कीबोर्डवर व्हावं. प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला वर्णन हवं. मग एनव्हीडीए किंवा ओर्का हा पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) लावून, पडदा बंद करून एक अर्ज भरून बघा. कुठे अडतं ते लगेच कळेल. स्कॅन केलेल्या कागदाची पीडीएफ पडदावाचकाच्या दृष्टीने कोरी असते. मजकूर युनिकोड या सर्व यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत टाइप करून ठेवा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर शोधता येत नाही, दुसऱ्या यंत्रावर त्याची अक्षरं बिघडतात आणि पडदावाचकही तो वाचताना अडखळतो.

परवान्याचा निर्णय सुरुवातीलाच घ्या. केंद्राने स्वतः लिहिलेल्या मजकुराला क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या, तशाच अटीवर वाटा’ हा परवाना योग्य. ‘व्यावसायिक वापर नको’ हे कलम सुरक्षित वाटतं, पण तुमची पुस्तिका छापून जेमतेम खर्चाला परवडेल एवढ्या किमतीत विकणारा छोटा छापखानाही त्यामुळे कचरतो.

मात्र सगळं खुलं करायचं नसतं. वस्तीचं पारंपरिक ज्ञान, आजाराच्या कहाण्या, जमिनीचे वाद यांची नोंद घेताना तीन वेगळे होकार विचारा: फक्त केंद्रात ऐकवायचं, सगळ्यांसाठी प्रसिद्ध करायचं, नावासह की नावाविना. होकार पुढे मागे घेता येईल हेही त्याच वेळी सांगा. मूळनिवासी समाजांच्या माहितीसाठी २०१९ मध्ये मांडलेली केअर तत्त्वं इथे उपयोगी पडतात. त्यांचा गाभा असा: फायदा त्या समाजाला मिळावा आणि निर्णयाचा हक्कही त्यांच्याकडेच राहावा.

खासगीपणा

पडदे दारातून दिसणार नाहीत असे लावा. प्रत्येक संगणकावर पाहुण्याचं खातं ठेवा, ते बंद होताना त्यातलं सगळं पुसलं जाईल असं. नोंदवहीत नाव-पत्ता न लिहिता नुसत्या रेघा ओढा. कायद्याने नोंद ठेवणं बंधनकारक असेल तर तेवढीच आणि तेवढ्याच मुदतीपुरती ठेवा. जी माहिती गोळाच केली नाही, ती चोरीला जात नाही आणि कोणी दबाव आणून मागूही शकत नाही.

दुसऱ्याचा अर्ज भरून देणं ही सर्वांत निसरडी जागा. मदतनिसाने पासवर्ड टाइप करू नये, कीबोर्ड त्या माणसाच्या हातात द्यावा. लिहिताच येत नसेल तर त्याच्यासमोर, प्रत्येक रकाना मोठ्याने वाचून भरावा आणि शेवटी कागदपत्रांच्या प्रती त्याच्या देखत पुसाव्यात. ‘सोयीसाठी’ ठेवलेली पासवर्डची वही दिसली तर ती त्याच दिवशी फाडा.

ठरवणार कोण

सात जणांची समिती करा. त्यातले किमान चार रोज केंद्र वापरणारे असावेत, त्यात निदान दोन स्त्रिया आणि एक अपंग व्यक्ती. मुदत दोन वर्षं, पण सगळे एकदम बदलू नका. दरवर्षी निम्मे बदला, म्हणजे कामाची माहिती पुढच्यांकडे पोहोचते. जमाखर्च दर महिन्याला भिंतीवर लावा. तक्रारीला १५ दिवसांत लेखी उत्तर द्या.

नियम मोडणाऱ्याला थेट हाकलू नका. सामायिक साधनसंपत्तीवरच्या कामासाठी २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत एक गोष्ट टिपली होती: तिथे शिक्षा पायरीपायरीने वाढते. पहिल्यांदा आठवण, दुसऱ्यांदा आठवडाभर राखीव वेळ बंद, तिसऱ्यांदा समितीपुढे.

वेळ ४५ मिनिटांच्या पाळ्यांत वाटा. सहापैकी दोन संगणक कधीच राखून देऊ नका. ज्यांना फोन करून जागा धरता येत नाही, त्यांना तेच मिळतात.

प्रशासकाचे पासवर्ड दोन सीलबंद पाकिटांत, दोन वेगळ्या माणसांकडे. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदवा. ते कोणा उत्साही स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवर असलं, तर नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते आणि एके दिवशी पत्ता दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो. सर्व्हरमधल्या मजकुराच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. वर्षातून दोनदा त्या प्रतीवरून सगळं परत उभं करून बघा. न तपासलेली प्रत ऐन वेळी उघडत नाही.

किती लोक आले ते मोजून फारसं काही कळत नाही. जाताना एवढंच विचारा: काम झालं, अर्धवट राहिलं की परत जावं लागलं? तीन रकाने, तासागणिक रेघा. तिसरा रकाना कुठल्या वेळी आणि कुठल्या कामात भरतो त्यावरून पुढच्या महिन्याची कामं ठरवा.

यंत्रांचा शेवट

२०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. १ जानेवारी २०२५ पासून घातक कचऱ्याच्या ने-आणीवरच्या आंतरराष्ट्रीय बाझेल कराराखाली सर्व प्रकारचा ई-कचरा सीमेपार पाठवायला घेणाऱ्या देशाची पूर्वसंमती लागते. म्हणून बाहेरून ‘देणगी’ म्हणून येणारे संगणक चालू अवस्थेत तपासल्याशिवाय स्वीकारू नका. नाहीतर कोणाचा तरी कचरा तुमच्या खोलीत येतो आणि त्याची विल्हेवाट तुमच्या पैशातून लागते.

बंद पडलेल्या यंत्रातून आधी रॅम, एसएसडी, पडदा, कीबोर्ड आणि चार्जर काढून चिठ्ठी लावून ठेवा. उरलेला सांगाडा परवानाधारक पुनर्चक्रकाकडे द्या आणि वजनाची पावती घ्या. तारा जाळून तांबं काढायला कोणालाही देऊ नका, त्या धुरात विषारी डायॉक्सिन असतात. फुगलेली लिथियम बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्जही करू नका. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात ठेवा. तो डबा हवाबंद करू नका आणि इमारतीपासून दूर, सावलीत ठेवा. पुनर्चक्रक येईपर्यंत डब्यावर तारीख आणि बॅटऱ्यांची संख्या लिहिलेली असू द्या.